चाखणबाईचा घास

महिन्याच्या पहिल्या दिवशी चाखणबाई सगळ्या गावासमोर पैसा खायची, आणि घरी येऊन ओकायची. खायची ते गावाला दिसायचं. ओकायची ते फक्त नवऱ्याला माहीत होतं, कारण बादली तोच धुवायचा.

पैसा खायचा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. त्या गावात पैसा धातूचा नव्हता. कधीकाळी होता. मग सलग सात वर्षं काही पिकलं नाही, आणि नाणं कितीही उकळलं तरी त्याची पेज होत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. रांजणभर चांदी उशाशी ठेवून माणसं उपाशी मेली. जी उरली त्यांनी ठरवलं, यापुढे पैसा असा हवा की वेळ आली तर पोटात घालता येईल. तेव्हापासून तिथे चकती चालू लागली.

भाजलेलं गव्हाचं पीठ, डाळीचं पीठ, चरबी आणि मीठ एकत्र मळायचं, साच्यात दाबायचं, तीन दिवस मंद भट्टीत वाळवायचं. तळहाताएवढी, विटेसारखी टणक, वर गव्हाच्या लोंबीचा ठसा. गरम पाण्यात टाकली की फुगायची, विरघळायची, वाडगाभर दाट पेज व्हायची. एका माणसाचं एका दिवसाचं पोट भरायचं. सगळ्या गोष्टींचे भाव त्यावरच ठरायचे. जोड्याला बारा चकत्या, दात उपटायला दोन, आणि चुकीचा उपटला तर एक परत. उंदीर हा तिथला सगळ्यात मोठा दरोडेखोर, त्यामुळे प्रत्येक घरात मांजर होतं आणि मांजराला माणसांपेक्षा मान होता.

पण चकती खरंच खाता येते, हे कोणीतरी खाऊन दाखवायला हवं ना? म्हणून टांकसाळीत चाखणबाईची जागा होती. महिन्याच्या पहिल्या सकाळी टांकसाळीच्या पायऱ्यांवर नव्या चकत्यांचा ढीग मांडत. गर्दीतला कोणीही एक माणूस पुढे येऊन, डोळे मिटून, त्यातली एक उचलायचा. ती पांढऱ्या वाडग्यात टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं, आणि पाणी थंड व्हायच्या आत चाखणबाईने वाडगा रिकामा करायचा. मग जीभ काढून दाखवायची, उजवीकडे, डावीकडे, वर. दवंडीवाला ओरडायचा, “पचली!” गर्दी ओरडायची, “पचली!” तेव्हा कुठे दुकानांच्या फळ्या उघडायच्या. त्याआधीचे दोन दिवस बाजार बंद. घास होईपर्यंत कोणी कोणाकडून चकती घ्यायचं नाही, असा नियमच होता.

आमच्या चाखणबाईला ही जागा मिळाली ती ताटात काही टाकत नाही म्हणून. चौदा वर्षांपूर्वी टांकसाळीच्या जुन्या साहेबांनी सहा बायकांना जेवायला बसवलं होतं. मुद्दाम थोडं करपलेलं, थोडं अळणी वाढलं होतं. पाच जणींनी बाजूला सारलं. हिने ताट पुसून खाल्लं, पुटपुटत हात जोडले आणि उठली. साहेबांनी विचारलं, “आवडलं का?” ही म्हणाली, “अन्न आहे. आवडायचं काय त्यात?” अन्न देवाचं, ते टाकायचं नाही, ही तिच्या आईने लावलेली सवय. तिला त्यात काही मोठं वाटत नव्हतं. टांकसाळीला लागून दोन खोल्यांचं घर मिळालं, सरपण फुकट मिळालं, आणि महिन्यातून एकदा एक वाडगा पेज प्यायची. आणखी काय हवं माणसाला?

आठ वर्षं छान गेली. खरं सांगायचं तर तिला चकती आवडायचीसुद्धा. जरा खारट लागायची, पण भट्टीत भाजलेल्या पिठाचा वास असा यायचा, की त्या दिवशी ती घरी जेवायचीच नाही.

मग जुने साहेब गेले, नवे आले. नव्या साहेबांचे हात मऊ होते आणि गालात कायम एक लवंग असायची. पहिल्या वर्षी चकतीतली चरबी कमी झाली. दुसऱ्या वर्षी घास दातांखाली करकरला. चाखणबाई वाडगा संपवून, जीभ दाखवून, तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, चकतीत चुनखडी आहे.”

“किती?”

“दातांत करकरते.”

“म्हणजे फार नाही,” साहेब म्हणाले. लवंग या गालातून त्या गालात गेली. “बसा. एक सांगा मला. न्हावी चकती घेतो आणि काय करतो?”

“सुताराला देतो.”

“सुतार?”

“देतो कोणालातरी.”

“तो कोणीतरी आणखी कोणालातरी. खातं कोण? गेल्या साठ वर्षांत या गावात पैसा कोणी खाल्लाय?”

“मी खाते.”

“बरोबर! तुम्ही. महिन्याला एक.” साहेब खूश झाले, जसे काही तिने अवघड गणित सोडवलं होतं. “मग एका बाईच्या एका वाडग्यासाठी मी हजारो चकत्यांत चरबी ओतत बसू? लोक चकती घेतात ती आत पीठ आहे म्हणून नाही, बाई. तुम्ही गिळता म्हणून घेतात. तुमच्या घशावर गाव उभं आहे. जपा घशाला.” आणि एक लवंग पुढे केली.

तिने ती घेतली नाही. पण परतही काही बोलली नाही, आणि त्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त किळस आली.

तिसऱ्या वर्षी लाकडाचा भुसा आला. चौथ्या वर्षी भुसा आणि चुनखडी एकत्र धरून राहीना, म्हणून सरस आला, सुतार खुर्च्या चिकटवायला वापरतात तो, खुरं आणि कातडी उकळून काढलेला. आता चकती पाण्यात विरघळत नसे. आकसायची, कडेने बुळबुळीत व्हायची, आणि वर करडा फेस यायचा. वास असा, की कातडी कमावतात त्या गल्लीतल्या गटाराशेजारी बसून जेवतोय असं वाटावं. चाखणबाईने गिळायची एक रीत शोधली. अंगठा मुठीत दाबायचा, श्वास बंद, जीभ खाली, आणि मनात देवाचं नाव घेऊन घास ढकलायचा. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. ते दिसलं असतं तर गाव बुडालं असतं, असं साहेब म्हणायचे. मग घरी येऊन बादली.

“आज काय निघालं?” नवरा बादली उचलताना विचारायचा. तो कुलपं दुरुस्त करायचा, हात तेलकट, तोंड चालू. “मागच्या वेळी एवढा भुसा होता, म्हटलं स्टूल करतो एक.”

“हसू नका हो.”

“हसतोय कुठे? सासुरवाडीला सांगायला हवं, तुमची मुलगी आता फर्निचर ओकते.”

तिला हसू यायचं, आणि हसताना पुन्हा मळमळायचं.

एकदा तोंडाला ती चव लागल्यावर तिला सगळीकडे तीच दिसायला लागली. खाटकाच्या चकत्यांना काळं रक्त वाळलेलं. कोळणीच्या चकत्यांना खवले. लोक अंगठा थुंकीने ओला करून चकत्यांची चवड सरकवायचे आणि त्याच अंगठ्याने पोराच्या तोंडात साखर घालायचे. कोणी काखेत पिशवी बांधायचं, कोणी उशीखाली. बुरशी आलेली, घामाने पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली कसलीही चकती चालायची. देणारा बघायचा नाही, घेणारा हुंगायचा नाही. खायची वस्तू आहे असं एकालाही वाटत असतं, तर कोणी तिला अशा हातांनी शिवलं असतं का?

आणि घरी सासूबाई होत्या. पंचाहत्तरीच्या, चार दात, एक काठी, आणि खाटेखाली एक पेटी. पेटीत तीनशे चकत्या. नवऱ्यामागे धुणी धुऊन, दुसऱ्यांची बाळंतपणं करून एकेक जमवलेल्या. दर पंधरवड्याला सासूबाई अंगणात चादर अंथरून त्या मांडायच्या, मऊ ब्रशने बुरशी झाडायच्या, आणि काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करत बसायच्या. सून म्हणायची, “आई, खर्च करा जरा. तुमच्यासाठी गादी घेऊ या.” त्या म्हणायच्या, “मी मेल्यावर घे. मला वर टाकून न्यायला उपयोगी पडेल.”

असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण त्या महिन्यात डोंगर खचला.

गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, कड्याच्या पलीकडे दगडाची खाण होती, आणि खाणीजवळ वस्ती. चाखणबाईची धाकटी बहीण तिथे दिली होती. नवरा खाणीत, पदरात दोन मुली. गाडीरस्त्यावर अर्धा डोंगर येऊन पडला, आणि महिनाभर तिकडे एकही धान्याची गाडी गेली नाही. गावात लोक म्हणायचे, अरेरे. आणि दगडाचे भाव वाढले म्हणून कुरकुरायचे. चाखणबाईला घोर लागला होता, पण वाट नव्हती.

घासाच्या आदल्या दिवशी दुपारी मेहुणा दारात उभा राहिला. कड्यावरून, शेळ्यांच्या वाटेने, दीड दिवस चालत आला होता. गुडघे सोललेले. पाणी प्यायला, दुसरा तांब्या प्यायला, आणि मग खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून त्याने तिच्यासमोर ठेवलं.

“ताई, हे शिजत नाही.”

फडक्यात एक करडा, चिवट गोळा होता. वर गव्हाच्या लोंबीचा ठसा अजून दिसत होता.

“तीन वेळा उकळली,” मेहुणा म्हणाला. “धान्य संपलं तेव्हा आम्ही घाबरलो नाही. म्हटलं, पैसा आहे घरात. चाळीस चकत्या होत्या. वस्तीत सगळ्यांकडेच होत्या थोड्याफार. तुमची बहीण तर शेजारणींना सांगत होती, अगं बिनधास्त खा, माझी सख्खी ताई चाखते, ती कधी तोंड वाकडं करत नाही.” त्याने गोळा बोटाने पुढे सरकवला. “पोरींची पोटं दगड झाल्येत. मोठीला तीन दिवस परसाकडे झालं नाही. धाकटी नुसती ओकते. शेजारचा म्हातारा गेला.”

चाखणबाईने गोळा उचलून हुंगला.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “नीट उकळली नसेल. झाकण ठेवून उकळायची.”

“आई!” नवरा ओरडला.

“मला काय ओरडतोस? मी रीत सांगितली.”

घरात होतं ते पीठ चाखणबाईने काढलं. दीड शेर निघालं. बाजार बंद. शेजारच्या दोन घरांत मागितलं, त्यांनी ओंजळ-ओंजळ दिलं. एवढ्याने वस्ती काय जगणार? मेहुणा म्हणाला, “आम्ही आठ जण आलोय कड्यापर्यंत. सात जण वर थांबलेत दोर घेऊन. पायथ्यापर्यंत पोती आणून दिलीत तर आम्ही ओढून घेऊ. पण पोती हवीत, ताई.”

“उद्या घास झाला की दुकानं उघडतील,” ती म्हणाली. “उद्या सकाळी घेऊ.”

म्हणजे उद्या तिने ते गिळायला हवं होतं. गिळलं की दुकान उघडणार, दुकान उघडलं की पीठ मिळणार. तिने मनाशी ठरवलंच तसं. एक घास आणखी. चौदा वर्षांत एवढे गिळले, हा शेवटचा. देवाला सांगितलं, एवढा उतरू दे.

सकाळी पायऱ्यांसमोर नेहमीची गर्दी. दोन दिवस बाजार बंद म्हणून सगळे पिशव्या घेऊन घाईला आलेले. साहेब वरच्या पायरीवर खुर्चीत. एका गाडीवानाने डोळे मिटून ढिगात हात घातला आणि एक चकती काढली. वाडगा, पाणी, वाफ.

चकती आकसली. फेस आला. चाखणबाईने चमच्याने कड तोडली, तुटेना, दाबून तोडली. पहिला घास गेला. मूठ, अंगठा, श्वास बंद. दुसरा घास तोंडात घेतला आणि जिभेला काहीतरी टोचलं. केस होता. खुराजवळचा, आखूड, राठ. त्याच्यासकट तो बुळबुळीत तुकडा टाळूला चिकटून बसला, आणि वास नाकात वरपर्यंत चढला.

अजूनही गिळता आलं असतं. रीत तिला पाठ होती. हात मांडीवर होता, फक्त मूठ वळायची होती. तिला धाकट्या बहिणीचा आवाज ऐकू आला, लहानपणीचाच, ताईच्या ताटातलं खाऊन बघितल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हात न लावणारी ती पोर. बिनधास्त खा, माझी सख्खी ताई चाखते.

तिने मूठ वळली नाही. वाकली आणि थुंकली.

तुकडा खालच्या पायरीवर पडला. अन्न म्हणून जे तोंडात घेतलं ते तिने जन्मात पहिल्यांदा टाकलं होतं, आणि तिला जराही पाप वाटलं नाही.

तिने हाताने तोंड पुसलं. मग ती म्हणाली, “हे अन्न नाही.”

पहिला आवाज एका बाईचा आला. “बरं नाहीसं दिसतंय तिला.”

“दिवस गेले असतील!”

“या वयात? कुलूपवाल्याची कमाल आहे मग!”

थोडे लोक हसले. कोणी म्हणालं, “पाणी द्या रे तिला.” कोणी म्हणालं, “बाई, घ्या की पुन्हा, एवढं काय त्यात? महिन्यातून एकदा तर खायचं असतं.” मागून एक जण ओरडला, “माझी महिन्याची मजुरी चार दिवसांपूर्वीच हातात आलीय! गिळा ओ!”

“यात खुरांचा सरस आहे,” चाखणबाई म्हणाली. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण पायऱ्यांवरून ऐकू जात होता. “भुसा आहे, चुनखडी आहे. चार वर्षं मी हे गिळतेय आणि घरी जाऊन ओकतेय. खाणवस्तीत लोकांनी हे खाल्लंय. माझ्या बहिणीच्या पोरी मरायला टेकल्यात.”

तिला वाटलं, आता लोक साहेबांकडे बघतील. आता कोणीतरी ढिगातली एक उचलून फोडून बघेल.

पुढच्या रांगेतली एक चांगल्या कपड्यातली बाई, हातात भली मोठी पिशवी, वैतागून म्हणाली, “पण खाल्ल्या कशाला त्यांनी? पैसे काय खायचे असतात?”

आणि लोकांनी माना डोलावल्या. चाखणबाईने समोरच्या तोंडांवरून नजर फिरवली. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं! निदान इतकं तरी माहीत होतं, की माहिती करून घ्यायची नाही. चार वर्षं ती ज्यांच्यापासून लपवत होती, ते सगळे तिच्या तोंडाआड लपले होते. तिला चकतीची कधी आली नव्हती एवढी त्या पिशव्यांची शिसारी आली.

साहेब उठले. आवाज अगदी मऊ. “चाखणबाई थकल्यात. चौदा वर्षं झाली, होतं असं. घास दुसऱ्या कोणीही घेतला तरी चालतो, तसा नियम आहे. आहे का कोणी?”

कोणी हललं नाही. सगळ्यांना ती चकती गिळली जायला हवी होती आणि एकालाही गिळायची नव्हती. पाण्याची वाफ कमी व्हायला लागली. दवंडीवाल्याने स्वतःकडे कोणी बघू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला घेतली.

तेवढ्यात गर्दीत काठीचा आवाज झाला. “सरका! म्हाताऱ्या माणसाला वाट द्या! सरक रे ठोंब्या!”

सासूबाई पायऱ्या चढून आल्या. सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. “आमची सूनबाई नाजूक झालीय,” त्या गर्दीला म्हणाल्या. “आमच्या वेळी असली थेरं नव्हती.” खाली बसल्या, वाडगा मांडीत घेतला, आणि बोटांनीच खायला लागल्या.

चार दातांनी ते तुटण्यासारखं नव्हतंच. त्या तुकडे तसेच गिळत होत्या. गळ्याची कातडी वरखाली होत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, हनुवटीवरून करडा ओघळ खाली आला तो त्यांनी बोटाने उचलून पुन्हा तोंडात घातला. “आई, नको,” सून म्हणाली. सासूबाईंनी कोपराने तिला ढकललं. वाडगा उलटा करून दाखवला. जीभ काढली, उजवीकडे, डावीकडे, वर.

“पचली!” दवंडीवाला जिवाच्या आकांताने ओरडला.

“पचली!” गाव ओरडलं. फळ्या धडाधड उघडायला लागल्या. साहेबांनी सासूबाईंना नमस्कार केला.

सासूबाईंनी सुनेचा हात धरला. नखं रुतत होती. “चल,” त्या दातांतून म्हणाल्या. “लवकर चल. मला फार वेळ धरवणार नाही.”

घराचं दार लागलं आणि त्या बादलीवर वाकल्या. सुनेने कपाळ धरलं, नवऱ्याने पाठ. बराच वेळ चाललं होतं. शेवटी मान वर करून, तोंड पुसून, सासूबाई लेकाला म्हणाल्या, “बघतोस काय? पेटी काढ खाटेखालची.”

“कशाला?”

“पीठ घ्या. सगळ्याचं. आज घेतील, उद्याचं कोणी सांगावं?”

सुनेने चमकून वर बघितलं. सासूबाईंना राग आला. “मी काय आंधळी आहे? दर पंधरा दिवसांनी झाडते मी त्यांना. पूर्वी पेटीला फट राहिली तर एका रात्रीत दहा चकत्या उंदीर न्यायचे. आता दोन वर्षं पेटी उघडी टाकते, एक उंदीर फिरकत नाही. उंदराला कळलं ते मला कळायला नको?”

“मग काल तसं का बोललात?” नवऱ्याने विचारलं.

“काल पेटी माझी होती,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या.

पिठवाल्याच्या दुकानात अजून गर्दी नव्हती. चाखणबाई, नवरा आणि मेहुणा हातगाडी घेऊन गेले. पिठवाला मघाशी पायऱ्यांसमोरच होता. त्याने तिला थुंकताना बघितलं होतं, खुरांचा सरस ऐकला होता. आता तो पेटीतल्या चकत्या चवडीने उचलून फळीवर ठेवत होता. पीठ सात पोती झालं. तिने एका पोत्याचं तोंड सोडून चिमूटभर जिभेवर ठेवलं. खरं गव्हाचं पीठ होतं, गोडसर, दळताना गरम झालेल्या जात्याचा वास असलेलं. इतक्या वर्षांनी घासाच्या दिवशी खरं अन्न तोंडात आलं होतं, आणि त्याबदल्यात ती काय देत होती? तीनशेंतल्या जवळजवळ सगळ्या नुसता चिखल होत्या. या माणसाने तिचं काही वाईट केलं नव्हतं.

“तुम्ही ऐकलंत ना, मी मघाशी काय म्हणाले?” तिने विचारलं. नवऱ्याने मागून तिला कोपर मारलं.

“ऐकलं की,” पिठवाला म्हणाला.

“मग या खाऊ नका हं कधी.”

“खायला?” तो हसला. पीठ उडून भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. “वेडी की काय तू? संध्याकाळी गिरणीवाल्याचं देणं आहे. एकदा त्याच्या गळ्यात मारल्या की तो जाणे आणि त्याचं पोट जाणे.” एका चकतीच्या कडेतून एक आखूड केस वर आला होता. त्याने तो नखाने उपटला, फुंकर मारून उडवला आणि चकती चवडीवर ठेवली. “तुझी सासू भक्कम आहे हां. साहेब म्हणत होते, आता ती जागा त्यांनाच देणार.”

त्यांनी पोती गाडीवर चढवली. मेहुणा पुढे झाला, नवरा मागून ढकलायला लागला, ती एका बाजूने. गल्लीतून जाताना दुकानादुकानात चकत्यांचा खडखडाट चालला होता. लोक हसत होते, घासाघीस करत होते, ओळखीची माणसं तिला बघून नजर चुकवत होती. एका लहान मुलीला तिच्या आईने चवड धरायला दिली होती, आणि ती पोर वरच्या चकतीची कड चोखत होती. चाखणबाईने ती चकती तिच्या हातातून काढून घेतली. आई धावून आली, “ए बाई! पैसे घेतेस पोरीचे?” ती देऊन टाकावी लागली.

गाव संपलं, कड्याची वाट लागली. वरून कोणीतरी शीळ घातली, दोर खाली आला. मेहुण्याने पहिलं पोतं बांधलं. पोतं खडकाला घासत, पीठ सांडत, हळूहळू वर जायला लागलं.

नवऱ्याने विचारलं, “काय झालं तुला? मिळालं ना पीठ?”

“मिळालं,” ती म्हणाली, आणि बाजूला जाऊन थुंकली. तोंडात काही नव्हतं. तरी सातवं पोतं वर जाईपर्यंत ती थुंकत राहिली.